वादळ ओसरते कुठे?

कुलाबा वेधशाळेच्या जुन्या नोंदींचा मला नाद लागला त्याला आता बरीच वर्षे झाली. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. जे काही शिकलो ते वाचून, जाणकारांना विचारून आणि पुष्कळदा चुकून. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात या नोंदींवर बोलत होतो. पडद्यावर चुंबकीय वादळाचा आलेख होता. रेषा काही तासांत कोसळते आणि मग दोन-चार दिवस घेत सावकाश मूळ पातळीवर येते. सूर्याकडून काय येते, पृथ्वीच्या चुंबकत्वावर त्याचा आघात कसा होतो, हे सगळे मी उत्साहाने सांगितले. शेवटी मागच्या रांगेतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "वादळ आलं कुठून ते समजलं. पण ओसरलं म्हणजे गेलं कुठे?"

"ऊर्जा हळूहळू विखुरते," असे काहीतरी मी बोललो. घरी येताना वाटेतच कळले, की हे उत्तर नव्हे, उत्तर टाळणे आहे. कोसळणाऱ्या रेषेवर मी वर्षे घालवली होती. चढणाऱ्या रेषेकडे कधी नीट पाहिलेच नव्हते. शोधू लागलो तेव्हा समजले, की या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर शास्त्रज्ञांनाही १९५९ पर्यंत देता आले नव्हते. आणि उत्तर सापडले तेव्हा त्याच्याच पोटातून पुढे एक नवा कॅमेरा निघाला: प्रकाशाऐवजी अणूंनी चित्र काढणारा. हा लेख त्या कॅमेऱ्याविषयी आहे. पण सुरुवात कुलाब्यापासूनच करावी लागेल.

कुलाब्याला चुंबकीय नोंदी १८४१ पासून होत होत्या. नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा या प्रवाहांनी चुंबकसुया बिघडणार हे ओळखून १९०४ मध्ये चुंबकीय कामासाठी अलिबागची वेधशाळा उभी राहिली. दोन्हीकडच्या नोंदी काही काळ एकदम चालवून त्यांचा सांधा जुळवण्यात आला. म्हणून तर ही मालिका आजही सलग वाचता येते. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे दोन जाडजूड खंड १९१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत त्यांनी एक साधी पण दूरदृष्टीची गोष्ट केली. प्रत्येक वादळ वेगळे दिसते. मूस यांनी अनेक वादळे त्यांच्या आरंभाच्या क्षणापासून एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली. फुटकळ फरक गळून पडले आणि वादळाचा सर्वसाधारण चेहरा वर आला: आधी छोटी उसळी, मग घसरण, मग लांबलचक चढण. पुढे सिडनी चॅपमन याच वाटेने अनेक वेधशाळांच्या नोंदी घेऊन गेले आणि वादळांचा सिद्धांत मांडू लागले.

घसरणीचे कारण हळूहळू स्पष्ट होत गेले. विषुववृत्ताच्या वर, अंतराळात, पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहणारा एक प्रचंड विद्युतप्रवाह असला तर त्याचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलट दिशेने पडेल आणि सुई खाली येईल. नॉर्वेच्या कार्ल स्टॉर्मर यांनी अशा वलयाची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडली होती. चॅपमन आणि फेरारो यांनी १९३० च्या दशकात ती वादळांना जोडली. त्याला नाव पडले वलय-प्रवाह. हे वलय पृथ्वीपासून साधारण वीस ते पन्नास हजार किलोमीटर अंतरावर असते आणि ते मुख्यतः वेगवान प्रोटॉनांचे असते, हे उपग्रहांच्या काळात पक्के झाले. त्यात ऑक्सिजनचेही आयन असतात, म्हणजे पृथ्वीच्याच वातावरणातून वर गेलेला माल, हे तर १९७० च्या दशकातले आश्चर्य.

पण प्रोटॉन एकदा चुंबकीय क्षेत्रात अडकले की तिथेच फिरत राहायला हवेत. तिथे हवा जवळजवळ नाही, घासायला काही नाही. मग दोन-चार दिवसांत वलय विरते का?

उत्तराचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले होते. अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेत १९५० साली एडन माइनेल यांना ध्रुवीय प्रकाशात हायड्रोजनची रेषा सरकलेली दिसली. म्हणजे हायड्रोजनचे अणू प्रचंड वेगाने खाली येत होते. बाहेरून येतात ते प्रोटॉन. ते वाटेत कुठूनतरी इलेक्ट्रॉन मिळवून अणू बनत होते. दुसरा तुकडा रॉकेटांनी दिला. रात्रीच्या आकाशात हायड्रोजनची अतिनील चमक भरून राहिलेली आढळली. पृथ्वीच्या वातावरणाची शेवटची, अतिविरळ, हायड्रोजनची झूल हजारो किलोमीटर वर पसरलेली आहे. तिला जिओकोरोना म्हणतात. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो-१६ च्या अंतराळवीरांनी जॉर्ज कॅरुथर्स यांनी तयार केलेल्या कॅमेऱ्याने चंद्रावरून तिचे छायाचित्र घेतले. पृथ्वी स्वतःच्या हायड्रोजनमध्ये गुरफटलेली त्यात दिसते.

अलेक्झांडर डेसलर आणि युजीन पार्कर यांनी १९५९ मध्ये हे तुकडे जुळवले. वलयातला वेगवान प्रोटॉन जिओकोरोनातल्या थंड हायड्रोजनच्या अणूजवळून जातो आणि जाता जाता त्याचा इलेक्ट्रॉन उचलतो. याला भार-विनिमय म्हणतात. वेग होता तेवढाच राहतो. बदलतो तो फक्त विद्युतभार. मागे उरतो एक थंड प्रोटॉन, ज्याला वेग नाही, म्हणून प्रवाहात त्याचा वाटा नगण्य. आणि जो वेगवान होता तो आता उदासीन अणू. चुंबकाचा त्याच्यावर काही अधिकार उरत नाही.

हे समजून घेताना मला शेतातली गोफण उपयोगी पडली. दगड गोफणीत असेपर्यंत डोक्याभोवती फिरत राहतो. दोरीचे एक टोक सुटले की तो सरळ रेषेत जातो, आणि कुठल्या दिशेला जाईल हे सुटण्याच्या क्षणी ठरते. चुंबकीय क्षेत्र ही गोफण. भार-विनिमय म्हणजे दोरी सुटणे. जोंधळ्याच्या उभ्या पिकात माळ्यावर बसलेला राखणदार दिसत नसेल, पण चारी बाजूंना पडणारे दगड कुठून आले ते मोजत गेलो तर तो कुठे बसला आहे ते सांगता येईल. पन्नास किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा हायड्रोजन अणू सेकंदाला सुमारे तीन हजार शंभर किलोमीटर वेगाने जातो. चाळीस हजार किलोमीटरचे अंतर तो तेरा सेकंदांत तोडतो. ज्या वादळाची चढण दिवस-दिवस चालते, त्याच्या दृष्टीने ही बातमी ताजीच म्हणायची.

तर आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की वादळाचा मोठा वाटा अणू-अणूने अवकाशात निसटून जातो. (सगळा नाही. काही कण वातावरणात कोसळतात, काही चुंबकावरणाच्या सूर्याकडच्या कडेतून वाहून जातात, आणि चढणीच्या पहिल्या तासांत हा वाटा मोठा असू शकतो. पुस्तकांत एकच कारण दिलेले असले की मला जरा संशय येतो.) मात्र जे निसटते ते आपण कुठून सुटलो याची खूण घेऊन निसटते. गळती आणि चित्र या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. ज्या अणूंमुळे वलय मरते, त्याच अणूंनी त्याचा फोटो काढता येतो.

हे सुचणे एक आणि साधणे दुसरे. कॅनडातल्या फोर्ट चर्चिलहून १९६८ मध्ये आणि अमेरिकेतल्या वॉलॉप्स बेटावरून १९७० मध्ये असे अणू मोजणारी उपकरणे रॉकेटांवर गेली. त्यांच्या आकड्यांचा अर्थ लावणे अवघड होते. १९६९ मध्ये सुटलेल्या 'अझुर' या जर्मन उपग्रहाने विषुववृत्तावर, अगदी कमी उंचीवर, असायला नकोत असे प्रोटॉन पाहिले. वरच्या वलयातून सुटलेले उदासीन अणू खालच्या हवेत येऊन पुन्हा इलेक्ट्रॉन गमावतात आणि पुन्हा अडकतात, हा त्याचा उलगडा १९७२ मध्ये झाला. म्हणजे गोफणीतून सुटलेला दगड दुसऱ्या गोफणीत जाऊन बसला.

पहिले खरे चित्र मात्र ज्या यंत्राने काढले, ते त्यासाठी बनवलेलेच नव्हते. 'आयसी-१' हे यान १९७७ मध्ये गेले ते चुंबकावरणातले विद्युतभारित कण मोजायला. डोनाल्ड विल्यम्स यांच्या गटाचे त्यावरचे उपकरण सगळ्या दिशांना फिरून कण मोजी. कण आत आला एवढेच त्याला कळे. त्यावर विद्युतभार आहे की नाही हे कळत नसे. यान अशा प्रदेशात असताना, जिथे भारित कण फारसे नसतात, थोडीशी मोजणी येत राही. ती चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला अजिबात जुमानत नसे. भारित कणांना असे स्वातंत्र्य नसते. शिवाय ती येई फक्त पृथ्वीच्या बाजूने. असली मोजणी सहज नॉइज म्हणून बाजूला पडते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीतले एडमंड रोएलॉफ आणि त्यांचे सहकारी तिच्या मागे लागले. १९८५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की ती उदासीन अणूंची आहे. आणि १९८७ मध्ये रोएलॉफ यांनी २९ सप्टेंबर १९७८ च्या वादळातली मोजणी दिशेनुसार मांडून तिचे चित्र केले.

ते चित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा, खरे सांगायचे तर, निराश झालो. मोठाले ठोकळे, त्यांच्यावर छटा. आपल्याकडे जुन्या मासिकांत जाड जाळीचे फोटो छापत तसे. पण रोएलॉफ यांचे खरे काम चित्र काढण्यात नव्हते, वाचण्यात होते. अणूंचे चित्र म्हणजे नजरेच्या रेषेत जे काही आहे त्याची बेरीज; क्ष-किरणांच्या फोटोत फासळ्या एकमेकींवर पडतात तशी. शिवाय जिथे जिओकोरोना दाट तिथून जास्त अणू सुटतात, मग तिथे प्रोटॉन जास्त असोत वा नसोत. म्हणून त्यांनी उलटा रस्ता धरला. वलय कसे असेल याचा एक अंदाज बांधायचा, त्यातून यानाला किती अणू दिसले असते याचा हिशेब करायचा, तो खऱ्या मोजणीशी ताडून पाहायचा, आणि जुळेपर्यंत अंदाज बदलत राहायचे. जुळले तेव्हा जे हाती आले ते वलय नव्हतेच म्हणा ना. रात्रीच्या बाजूला ते भरघोस होते आणि दिवसाच्या बाजूला क्षीण. तोवर माझ्या डोळ्यांपुढे शनीच्या कड्यासारखे काहीतरी होते, आणि मी ते व्याख्यानांत तसेच सांगतही असे. त्या जुन्या श्रोत्यांची इथे क्षमा मागतो. भर वादळात जे असते ते बहुधा अर्धवट कडे. ते पूर्ण गोल होते वादळ ओसरू लागल्यावर.

याच सुमारास व्हॉयेजर-१ च्या गुरू आणि शनी भेटीतल्या मोजणीतही असेच अतिरिक्त अणू ओळखले गेले. तिथेही उपकरण दुसऱ्याच कामाचे होते. आता खास कॅमेरा बनवायला हरकत नव्हती.

पण अणूंना भिंग नसते. आरशावर ते परावर्तित होत नाहीत. हातात राहते ती चीर किंवा सुईचे छिद्र, म्हणजे शाळेत खोक्याला छिद्र पाडून करतात त्याच कॅमेऱ्याचे तत्त्व. त्यातही तीन अडचणी. भारित कण आत येऊ नयेत म्हणून चिरेपुढे उच्च दाबाच्या पट्ट्यांचा पंखा लावतात. भार असलेले कण पट्ट्यांवर आपटतात, उदासीन अणू सरळ आत येतात. दुसरी अडचण जिओकोरोनाचीच. ज्या हायड्रोजनमुळे चित्र शक्य होते तोच अतिनील प्रकाशाने चमकत असतो, आणि त्या प्रकाशाचे कण अणूंपेक्षा कितीतरी पट जास्त. त्यांना अडवायला केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी पातळ असे पापुद्रे लागतात. तिसरी गोष्ट, अणूची ऊर्जा. पापुद्र्यातून जाताना अणू इलेक्ट्रॉन उडवतो, तो आरंभाचा क्षण. मागच्या पडद्यावर आपटतो, तो शेवटचा. मधला वेळ मोजला की वेग कळतो, आणि दोन्ही जागा जोडल्या की दिशा.

स्वीडनच्या 'अ‍ॅस्ट्रिड' या छोट्याशा उपग्रहावर १९९५ मध्ये असा खास कॅमेरा प्रथम गेला. पण मोठी झेप 'इमेज' या नासाच्या उपग्रहाची. २५ मार्च २००० रोजी तो सुटला. कमी, मध्यम आणि जास्त ऊर्जेच्या अणूंसाठी त्यावर तीन वेगळे कॅमेरे होते. तो स्वतःभोवती दोन मिनिटांत एक फेरा घेई आणि फेऱ्यागणिक एक चित्र मिळे. चार महिन्यांच्या आत, १५ जुलैला, मोठे वादळ आले. वलय भरताना आणि विरताना सलग पाहायला मिळाले. मूस यांनी साठ वर्षांची वादळे एकावर एक ठेवून जो चेहरा मिळवला होता, त्याच्यामागे काय हालते आहे ते आता एकेका वादळात दिसू लागले.

आणि चित्रे आली की खटकणारेही काही येतेच. जमिनीवरच्या वेधशाळांच्या नोंदींवरून आणि तोवरच्या सिद्धांतांवरून अपेक्षा अशी, की वादळाच्या ऐन भरात प्रोटॉनांची सर्वात जास्त गर्दी संध्याकाळच्या अंगाला असेल, कारण शेपटाकडून आलेले प्रोटॉन मध्यरात्रीपासून संध्याकाळच्या दिशेने सरकतात. 'इमेज'च्या चित्रांत मोठ्या वादळांच्या वेळी ही गर्दी मध्यरात्र ओलांडून पहाटेच्या बाजूला दिसली. पोंटस ब्रांट आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे मांडले. खुलासा पुढे असा झाला, की वलय स्वतःच जे विद्युतक्षेत्र तयार करते त्याने कणांचा रस्ता तिरका होतो. जमिनीवरच्या सुया चुकल्या नव्हत्या. एकेक सुई सगळ्या प्रवाहांची बेरीज सांगत होती, आणि बेरजेवरून आतल्या रकमा ओळखता येत नाहीत.

नंतरची प्रगती भराभर सांगतो. कॅसिनी यानावरच्या अशाच कॅमेऱ्याने गुरूजवळून जाताना युरोपा या चंद्राच्या कक्षेत वायूचे कडे असल्याचे दाखवले. ते निसटत्या अणूंवाचून कळले नसते. २००४ ते २०१७ त्याने शनीचे चुंबकावरण पाहिले. २००८ पासून 'ट्विन्स' या दोन उपग्रहांनी दोन बाजूंनी एकाच वेळी चित्रे घेऊन खोलीचा अंदाज दिला.

त्याच २००८ च्या ऑक्टोबरात, तीन दिवसांच्या अंतराने, दोन याने सुटली. १९ तारखेला नासाचे 'आयबेक्स', सूर्यमालेच्या कडेवरून येणारे अणू टिपायला. त्याला आकाशात अणूंचा एक लांब पट्टा सापडला, ज्याची कोणी अपेक्षाच केली नव्हती. आणि २२ तारखेला, दिवाळीच्या सहा दिवस आधी, श्रीहरिकोटाहून चांद्रयान-१. त्या वर्षी आपल्याकडे सगळी चर्चा तिरंगा रंगवलेल्या आघात-कुपीची आणि मग पाण्याची झाली, आणि ते साहजिकही होते. पण त्या यानावर 'सारा' नावाचे एक उपकरण होते. स्वीडनमधल्या किरुनाची संस्था, तिरुवनंतपुरमची आपली अंतराळ भौतिकी प्रयोगशाळा, शिवाय जपान आणि स्वित्झर्लंड यांनी मिळून केलेले. स्टास बाराबाश आणि अनिल भारद्वाज हे त्याचे प्रमुख. चंद्राभोवती उदासीन अणूंचा कॅमेरा त्याआधी कोणी नेला नव्हता.

चंद्राला पृथ्वीसारखे चुंबकावरण नाही. सौरवारा थेट त्याच्या धुळीवर आदळतो. ती धूळ आलेले प्रोटॉन जवळजवळ सगळे गिळते, असे सर्वांनी धरले होते. 'सारा'ने मोजले तर त्यातला सुमारे पाचवा हिस्सा हायड्रोजनचे अणू होऊन परत उसळत होता. चंद्राच्या मातीत हायड्रोजन किती मुरतो, आणि म्हणून तिथे पाणी कसे तयार होऊ शकते, या हिशेबात पाचवा हिस्सा ही किरकोळ रक्कम नव्हे. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला गेरासिमोविच विवराजवळ खडकांत थोडे चुंबकत्व आहे. तिथून येणारे अणू कमी, आणि भोवतालच्या पट्ट्यातून जास्त असे चित्र आले. सौरवाऱ्याला बाजूला सारणारी ती एक चिमुकली ढाल होती. ऑगस्ट २००९ च्या अखेरीस यानाशी संपर्क तुटला, तोवर हे काम झालेले होते.

'इमेज'शीही १८ डिसेंबर २००५ ला संपर्क तुटला होता. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातल्या स्कॉट टिली या हौशी निरीक्षकाला, दुसराच एक उपग्रह शोधताना, त्याचा रेडिओ संकेत ऐकू आला आणि नासाने तो 'इमेज'चाच असल्याचे पक्के केले. संस्थेबाहेर बसून काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ही हकीकत का आवडते ते सांगायला नको.

आता पुन्हा कुलाबा. २ सप्टेंबर १८५९ रोजी, रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर ज्वाला पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी, कुलाब्याची सुई सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळली. मुंबईच्या आडव्या चुंबकीय बलाचा हा जवळजवळ चार टक्के भाग. त्सुरुतानी, गोन्झालेस आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लाखिना व अ‍ॅलेक्स यांनी २००३ मध्ये ही नोंद जगापुढे आणली, आणि नोंदलेल्या सर्वात तीव्र वादळाचा मान तिला मिळाला. मीही बरीच वर्षे हा आकडा छाती फुगवून सांगत आलो.

चढणाऱ्या रेषेकडे पाहायला शिकलो तेव्हा दोन गोष्टी टोचू लागल्या. ती सुई दोनेक तासांत बरीचशी वर आली. भार-विनिमयाने वलय विरायला याहून पुष्कळ वेळ लागतो. वलय पृथ्वीच्या फार जवळ आले असेल, तिथे जिओकोरोना दाट, म्हणून गळती जलद, असे म्हणता येईल. तरी दोन तास कमीच वाटतात. दुसरे म्हणजे ती घसरण मुंबईत सकाळी अकराच्या सुमाराची आहे. वादळाच्या भरात वलय रात्रीच्या बाजूला जड असते, हे चित्रांनी दाखवले आहे, आणि कुलाबा तेव्हा सूर्याच्या जवळजवळ समोर होते. ताशी सरासरी काढली तर आकडा सुमारे ८५० वर येतो, हे आधीच दाखवले गेले होते. अलीकडे काही संशोधक असेही मांडतात, की त्या टोकदार घसरणीतला मोठा भाग वलयाचा नव्हे, तर ध्रुवीय प्रकाशाच्या प्रदेशाशी जोडलेल्या दुसऱ्या प्रवाहांचा असावा.

मला हे पटते. त्यामुळे कुलाब्याचा मान कमी होतो असे मला वाटत नाही, पण माझी व्याख्याने बदलावी लागली. आता मी घसरणीच्या तळाशी थांबत नाही. त्या दिवशी वेधशाळेतल्या निरीक्षकांनी नेहमीच्या तासाऐवजी काही मिनिटांच्या अंतराने सुई डोळ्यांनी वाचून आकडे लिहिले, आणि सुई वर येऊ लागल्यावरही लिहीत राहिले. वाद आज चालू आहे तो त्या नंतरच्या आकड्यांवर.